‘मी नाही खेळत’ म्हणून तो वर येतो

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. माझा मुलगा (घरी बाबू म्हणतो) जूनमध्ये सहा वर्षांचा होऊन पहिलीत जाईल. सकाळी केजी, दुपारी जेवण नि झोप, मग सोमवार-बुधवार-शुक्रवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार तबला, शनिवारी स्विमिंग. रविवारी आम्ही कुठेतरी बाहेर जातो. मुलगा हुशार आहे, मराठी वाचायला लागलाय. पण बिल्डिंगखाली खेळायला गेला की पंधरा मिनिटांत रडत वर येतो. हरला की ‘मी नाही खेळत’. मुलं त्याला ‘रडीचा डाव खेळतो’ म्हणून चिडवतात. परवा त्याने एकाला ढकललं, त्याची आई वर येऊन बोलून गेली. शाळेतली टीचर म्हणते, हा मिसळत नाही आणि दर थोड्या वेळाने ‘आता काय करू?’ विचारत येतो. ह्यांचं म्हणणं, खाली पाठवणंच बंद कर, नुसता टाइमपास आहे. शिवाय खाली वॉचमनची आणि समोरच्या भाड्याच्या खोल्यांतली मुलं असतात, भाषा बिघडेल. सासूबाई म्हणतात, सोड गो त्याला, आमची पोरं कशी वाढली? मे महिन्यात इथे एक समर कॅम्प आहे. त्यात लहान मुलांना ‘सोशल स्किल्स’ शिकवतात. पंधरा दिवसांची फी पाच हजार. घालू का? आणि रडत वर आला की परत खाली पाठवायचं की घरात घ्यायचं?

– एक आई, फोंडा

उत्तर

तुमचं पत्र एकदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बाबूचा आठवडा कागदावर मांडला. सात दिवसांच्या त्या चौकटीत मला एकही तास असा सापडला नाही, ज्यात काय करायचं ते बाबू ठरवतो. केजीत टीचर, अबॅकसला सर, तबल्याला गुरुजी, पाण्यात कोच, रविवारी तुम्ही दोघं. मग तो टीचरकडे ‘आता काय करू?’ विचारत गेला, तर त्यात आश्चर्य ते कसलं? सगळा आठवडा त्याला आपण हेच शिकवतोय की, पुढे काय करायचं ते मोठ्या माणसाला माहीत असतं.

म्हणून कॅम्पचं उत्तर आधी देऊन टाकते. पाच हजार रुपये वाचवा. कॅम्प वाईट असेल म्हणून नव्हे. तिथे गाणी असतील, रंगकाम असेल, मुलं खूशही होतील. पण तिथेही एक दादा शिट्टी वाजवून सांगणार, आता गोल करा, आता शेजाऱ्याशी हात मिळवा, आता ‘सॉरी’ म्हणा. बाबूला जे येत नाही ते नेमकं त्या शिट्टीनंतर सुरू होतं.

काय ते सांगते. उद्या संध्याकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसा आणि खालच्या मुलांकडे पाहू नका, नुसतं ऐका. पाच-सहा मुलं जमली. काय खेळायचं? एक म्हणतो लपंडाव, दुसरी म्हणते डोंगर-का-पाणी. दोघांतलं एक ठरतं, कारण ज्याच्यामागे तीन जण आहेत त्याचं ऐकावं लागतं. मग चकायचं. चकताना एकाने हात उशिरा पालथा केला, पुन्हा चका. राज्य कुणावर आलं? आकडे किती म्हणायचे, वीस की पन्नास? गाडीच्या मागे लपलेलं चालेल, जिन्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत चालेल, कुणाच्या घरात शिरायचं नाही. धाकट्या बहिणीला घ्यायचं की नाही यावर दहा मिनिटं. प्रत्यक्ष पळापळ पाच मिनिटांची आणि वाटाघाटी पंचवीस मिनिटांच्या. वरून आपल्याला वाटतं, ही मुलं खेळतात कुठे, नुसती भांडतात! अहो, तो वादच तर अर्धा खेळ आहे. आणि तुम्ही ज्याला ‘सोशल स्किल्स’ म्हणून फी भरायला निघालात, ते सगळं त्या पंचवीस मिनिटांत आहे.

या सगळ्याला धार येते ती एका गोष्टीमुळे. खेळातून कुणीही कधीही उठून जाऊ शकतो. ‘मी नाही ज्जा’ म्हणालं की संपलं. अबॅकसच्या क्लासमधून बाबू उठून जाऊ शकत नाही, शेजारी बसलेला मुलगाही जाऊ शकत नाही, त्यामुळे तिथे एकमेकांना राखायची गरज कुणालाच पडत नाही. खाली मात्र दादागिरी फार केली तर भिडू निघून जातात आणि आपण एकटे चेंडू घेऊन उभे राहतो. आपल्याला खेळायचंय, त्यासाठी समोरच्यालाही खेळावंसं वाटलं पाहिजे, ही अक्कल मुलाला व्याख्यानातून येत नाही. दोन-चार वेळा एकटं उभं राहून येते.

मराठी मुलांनी या कामासाठी स्वतःची एक भाषाच करून ठेवली आहे आणि मला तिचा फार अभिमान आहे. ‘कच्चा लिंबू’ घ्या. तीन वर्षांची चिमुरडी खेळायचा हट्ट करते. तिला बाहेर ठेवलं तर ती रडणार, तिची ताई खेळ सोडून घरी जाणार. पुरतं आत घेतलं तर दर डावात तीच आऊट. म्हणून तिला आत घ्यायचं, पळू द्यायचं, पण राज्य तिच्यावर येत नाही. आम्ही मोठी माणसं सर्वसमावेशक धोरण म्हणून जे परिसंवाद भरवतो, ते सात वर्षांच्या पोरांनी दोन शब्दांत मिटवलंय. किंवा ‘टाइमप्लीज’. दम लागला, चप्पल तुटली, शू लागली, काहीही असो. तो शब्द उच्चारला की समोरच्याने थांबायचं. थांबायला लावता येतं आणि दुसऱ्याने सांगितलं तर आपल्यालाही थांबावं लागतं, या दोन्ही गोष्टी मूल त्यात शिकतं. आणि खोटं टाइमप्लीज वारंवार घेतलं की त्या शब्दाला किंमत राहत नाही, हेही. कट्टी-बट्टीचं तर काय सांगावं! भांडण झालं, करंगळी दाखवली, दोन दिवस बोलणं बंद; तिसऱ्या दिवशी खेळायला सातवा भिडू कमी पडतो आणि दोन बोटं पुढे होतात. संबंध तुटतो तसा जोडताही येतो, हे ज्याला सहाव्या वर्षी हाताच्या बोटांवर कळलं, त्याचं पुढे बरंच सोपं जातं.

आता ‘रडीचा डाव’. तो शब्द तुम्हाला लागला, हे पत्रावरून कळतं. लागणारच. पण जरा पाहा, मुलांनी बाबूला ‘तू वाईट आहेस’ म्हटलेलं नाही, त्याच्या डावाला नाव ठेवलंय. ही सोबत्यांची पावती आहे आणि ती आईच्या समजावणीपेक्षा हजारपट लवकर पोचते. सहाव्या वर्षी हरल्यावर रडू येणं अगदी साधी गोष्ट आहे. बाबूची अडचण एवढीच की त्याला हरण्याची सवयच लागलेली नाही. आजकाल मुलांच्या क्लासात गॅदरिंगला सगळ्यांना मेडल मिळतं आणि घरी सापशिडी खेळताना आपण हळूच सोंगटी मागे घेतो. (घेता ना? मीही घ्यायची.) खाली हरलं की काय होतं? काही नाही. पुढचा डाव. दिवसातून दहा वेळा हरायचं नि दहाही वेळा त्याचं काही वाटेनासं व्हायचं, इतकी स्वस्त हार फक्त खेळातच मिळते.

माझी एक फजिती सांगते. मी डिचोली तालुक्यात बालवाडी चालवायची. एका वर्षी मोठ्या हौसेने ‘खेळाचा तास’ आखला. चार कोपऱ्यांत चार टेबलं: एकावर मणी ओवणं, एकावर ठोकळे, एकावर मातीकाम, एकावर कोडी. दर दहा मिनिटांनी घंटा, मुलांनी पुढच्या टेबलावर जायचं. पालकांना दाखवायला फार देखणं दिसायचं ते. आठवडाभराने एक मुलगी माझा पदर ओढून म्हणाली, “टीचर, हे खेळ संपले की आम्ही खेळायला जाऊ?” मी खुर्चीवरच बसले. मणी तेच, माती तीच. पण घंटा माझी होती, म्हणून तिच्या लेखी ते काम होतं. दुसऱ्या दिवशी टेबलं भिंतीला लावली आणि चुडतं (माडाच्या झावळ्या), करवंट्या, दोन जुनी लुगडी, एक फुटकी बादली मधोमध टाकली. दहा मिनिटं कुणाला काही सुचेना. मुलं माझ्याकडे बघत होती, मी खिडकीबाहेर बघत होते. फार अवघड दहा मिनिटं होती ती, माझ्यासाठी. मग कुणीतरी चुडतावर बसलं, कुणीतरी ओढलं, आणि तासाभराने तिथे कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, बस चालू होती. डिचोलीहून पणजीला, मध्ये साखळी गावाचं तिकीट मागणाऱ्याला कंडक्टरने उतरवून दिलं, कारण बस उलट दिशेला चाललेली.

या बसमधल्या एका प्रवाशाबद्दल सांगायलाच हवं. तो मुलगा वर्गात दोन मिनिटं एका जागी बसायचा नाही. बसमध्ये पाऊण तास बसला. उभं राहणाऱ्याला तिकीट नाही, असा कंडक्टरचा नियम होता. हे माझ्याच वर्गातलं नवल नव्हे. सोव्हिएत रशियात 1940 च्या दशकात मनुइलेन्को नावाच्या संशोधिकेने असाच प्रयोग केला होता. लहान मुलांना नुसतं ‘हलू नको, उभा राहा’ सांगितलं तर ती किती टिकतात आणि खेळात पहारेकरी केलं तर किती टिकतात, हे तिने पाहिलं. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. लेव वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने त्याआधीच म्हणून ठेवलं होतं की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. भातुकलीतली ‘आई’ बाहुलीवर ओरडायचं थांबते, डॉक्टर झालेलं मूल स्वतःच्या इंजेक्शनची भीती दुसऱ्याला टोचून संपवतं. मनाला आवर घालायचा सराव मुलं तिथे करतात, कारण आवर घालण्याचं कारण त्यांचं स्वतःचं असतं.

तुमची टीचर म्हणते ‘मिसळत नाही’. ती काय पाहून म्हणते ते तिला नीट विचारा. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने 1932 मध्ये बालवाडीतल्या मुलांचं खेळणं बारकाईने पाहून त्याचे प्रकार पाडले, ते आजही बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकवतात. एकटं खेळणं, दुसऱ्याचा खेळ नुसता बघत उभं राहणं, शेजारी बसून तसाच पण आपापला खेळ खेळणं, मग वस्तूंची देवघेव, आणि शेवटी एकच खेळ मिळून, भूमिका वाटून खेळणं. मुलं या सगळ्यांत मागे-पुढे फिरत असतात. जिन्यात उभं राहून बघणारं मूलही कामात असतं: कोण कुणाचं ऐकतं, आत शिरायची फट कुठे आहे, याचा अंदाज घेत असतं. त्याला मागून ढकलून ‘जा ना, खेळ ना’ म्हटलं की सगळा हिशेब मोडतो. बाबू पहिले चार-पाच दिवस नुसता बघत उभा राहिला तर राहू द्या.

आता बाबूच्या बाबांकडे वळते, कारण हे पत्र त्यांनाही वाचायला द्याल अशी आशा आहे. त्यांची काळजी खोटी नाही. मुलगा मागे पडू नये, असं कुणाला वाटत नाही? त्यांना एक अभ्यास सांगा. अमेरिकेत कोलोराडोमध्ये 2014 साली सहा-सात वर्षांच्या 70 मुलांच्या आठवड्याचा हिशेब आई-बाबांकडून लिहून घेतला होता, मी तुमच्या पत्राचा घेतला तसाच. ज्या मुलांना मोकळा, कुणी न आखलेला वेळ जास्त होता, ती मुलं स्वतःचं स्वतः ठरवून काम करण्यात सरस निघाली. आखलेले तास जास्त असलेल्या मुलांत हे उलट दिसलं. एवढ्याने मोकळ्या वेळामुळेच असं झालं हे सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. पण बाबूच्या ‘आता काय करू?’शी हे इतकं जुळतं की मी तरी दुर्लक्ष करणार नाही. शिवाय आपलं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच तीन ते आठ या वयाचं शिक्षण खेळातून व्हावं म्हणतं. ‘टाइमपास’ हा शब्द त्यामुळे सरकारी धोरणाच्या विरोधात जातो, असं सांगून बघा. नवरे मंडळी बायकोपेक्षा सरकारचं लवकर ऐकतात.

भाषेचं म्हणाल, तर बिघडेल. थोडी. दोन शिव्या घरी येतील हे गृहीत धरा. पहिल्यांदा आली की हसू नका आणि किंचाळूही नका, ‘आपल्या घरात हा शब्द चालत नाही’ एवढं म्हणून जेवायला वाढा. पण त्याच कंपाउंडात बाबू कोकणी बोलेल, हिंदी बोलेल, वॉचमनच्या मुलांकडून कन्नडमधले आकडे शिकेल. ज्याला आपली भाषा येत नाही त्याला नियम कसे समजावायचे, ते हातवारे करून शोधेल. आणि स्पष्टच बोलते, रागावू नका. ‘भाषा’ म्हणताना आपल्या मनात बहुतेकदा दुसरंच काहीतरी असतं. त्या मुलांबरोबर खेळू नको हे बाबूला आज सांगितलंत, तर तोही आणखी दहा वर्षांनी कुणाला तरी तेच सांगेल. त्या खोल्यांतल्या मुलीला बहुधा कडेवर धाकटा भाऊ घेऊनच खेळावं लागत असेल. कच्चा लिंबू कसा सांभाळायचा हे तिच्याइतकं कुणाला येणार? तिचं आयुष्य सुखाचं आहे असं मी म्हणत नाही, तिला कदाचित सहा वाजता पाणी भरायला जायचं असेल. पण भिडू म्हणून ती पक्की निघेल.

मग करायचं काय? तबला किंवा अबॅकस, दोन्हींतलं एक बंद करा. कुठलं, ते बाबूला विचारा. हा त्याचा पहिला निर्णय असू दे. पाच ते साडेसहा रोज खाली. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान साठ मिनिटं दम लागेलशी हालचाल हवी म्हणते, ती यात आपोआप होते. वेगळं मोजायला नको. रोज म्हणजे रोज, कारण खेळातली भांडणं उद्यावर टाकता आली पाहिजेत. आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या मुलांना कट्टी परवडत नाही आणि बट्टीही जमत नाही.

एकच वय नको. सासूबाई ‘आमची पोरं’ म्हणतात ना, त्या आठवणीत हीच गोष्ट महत्त्वाची आहे: वाड्यावर चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची सगळी एकत्र असायची. मोठी नियम चालवायची, मधली वाद घालायची, धाकटी शेपटासारखी मागे. मे महिन्यात काजूच्या बिया ओळीत मांडून नेम धरायचा, जिंकलेल्या बिया खिशात. हरलेला रडत घरी गेला तरी दुसऱ्या दिवशी झाडाखालून नव्या बिया गोळा करून हजर. क्लासमध्ये सगळी सहा वर्षांचीच असतात, सगळ्यांना एकच वस्तू हवी असते आणि कुणालाच थांबता येत नाही. पण सासूबाईंना एक आठवण करून द्या. त्या मुलांना ‘सोडलं’ होतं हे खरं, तरी प्रत्येक पडवीत कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं असायचं. डोळे भरपूर होते, फक्त ते मध्ये पडत नव्हते. तुमच्या बिल्डिंगमध्ये ते डोळे तुम्हाला जमवावे लागतील. तीन आया मिळून वार वाटून घ्या. जिची पाळी तिने खाली खुर्ची टाकून बसायचं, हातात भाजी निवडायला घ्यायची. मोबाइल नको, कारण मोबाइलमधून डोकं वर काढणारा माणूस नेहमी भांडणाचं शेवटचं टोक बघतो आणि चुकीच्या मुलाला रागावतो.

सेक्रेटरीशी बोलून साडेपाचच्या सुमाराला गाड्या कंपाउंडात सावकाश आणा, मागे घेताना हॉर्न द्या, एवढं ठरवून घ्या. पाण्याच्या टाकीचं झाकण स्वतः हलवून पाहा. आपल्याकडे खरा धोका या गोष्टींचा आहे: मागे येणारी गाडी, उघडी टाकी, कठड्याविना विहीर आणि पावसात भरलेली चिरेखाण (जांभा दगडाची खाण). चिरेखाणीच्या बाबतीत मुलांशी वाटाघाट नाही. दगड-लाकडांचे ढीग कंपाउंडच्या कोपऱ्यातून हलवा, तिथे सापाला जागा मिळते. गुडघे फुटणं या यादीत येत नाही. झाडावर चढायचा असेल तर तुम्ही उचलून फांदीवर ठेवू नका. स्वतः चढलेल्या उंचीवरून मूल बहुधा स्वतः उतरतं, ठेवलेलं मूल अडकतं.

‘पाऊस लागला की काय करायचं?’ असं तुम्ही आता विचारणार. गोव्यात वर्षाला जवळपास 120 इंच पाऊस, जून ते सप्टेंबर मुलं घरात कोंडायची म्हटलं तर वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. बिल्डिंगखालचं पार्किंग आहे ना? खांबांच्या मधल्या जागेत विषामृत फार रंगतं. अगदीच कोसळत असेल तेव्हा कुणाच्या तरी हॉलमध्ये जुनी बेडशीट नि चार खुर्च्या द्या आणि स्वयंपाकघरात जा. घर होईल, दुकान होईल, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी तर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधतील आणि तुमच्या फ्रीजमधली काकडी पळवतील. ‘कंटाळा आला’ हे पहिली वीस मिनिटं ऐकावं लागेल. त्या वीस मिनिटांत टीव्ही लावलात की मी सांगितलेलं सगळं फुकट.

मध्ये केव्हा पडायचं? दंगामस्ती आणि मारामारी वरून सारखीच दिसते. तोंडं बघा. मस्तीत मुलं हसत असतात, थोड्या वेळाने खालचा वर आणि वरचा खाली होतो, आणि सुटल्यावर दोघं एकमेकांजवळच राहतात. मारामारीत चेहरे आवळलेले असतात आणि सुटल्यावर एक जण पळून जातो. रक्त निघालं, दोघा-तिघांनी मिळून एकाला धरलं, रोज तोच एक मुलगा रडतोय, किंवा कुणाच्या रंगावरून, जातीवरून, बोबडेपणावरून चिडवणं चाललंय, तर उठायचं आणि स्पष्ट थांबवायचं. नाहीतर मनातल्या मनात पन्नास आकडे म्हणायचे. मी चाळीसच्या पुढे फारशी गेलेली नाही, तोवर त्यांचं मिटलेलं असतं. मुलं न्याय मागायला तुमच्याकडे आलीच तर निकाल देऊ नका. ‘मग आता काय ठरवताय?’ एवढंच विचारा.

ढकलण्याचं म्हणाल तर त्या मुलाच्या आईला तुम्ही जाऊन भेटा, पण बाबूला तिच्यासमोर उभं करून ‘सॉरी म्हण’ करू नका. घरी शांत झाल्यावर त्याला सांगा, तुला राग आला होता ते कळलं, ढकलायचं नाही, आता त्याला परत खेळायला घ्यायचं तर तू काय करशील? कदाचित तो त्याला आपली लाल गाडी देईल. कदाचित काहीच करणार नाही आणि दोघं परवा विसरतील. दोन्ही चालेल.

एक छोटी गोष्ट नोंदवून ठेवते, तुमच्यासाठी नव्हे, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी. मूल हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, तीन वर्षांचं होऊनही खोटं-खोटं काहीच खेळत नाही, किंवा येत असलेले शब्द हरवायला लागले, तर ‘खेळेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात बालरोग विभाग आहे. बाबूच्या वर्णनात मला यातलं काही दिसत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची आठवण आली म्हणून सांगते. बोर्डीला आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. आपल्याकडे अंगणात मुलं होती, ती आपण उचलून क्लासात नेली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रडत वर आला की काय करायचं? परत पाठवू नका आणि घरात ओढूनही घेऊ नका. पाणी द्या. ‘हरलास का? वाईट वाटतं खरं,’ एवढं म्हणा आणि आपलं काम चालू ठेवा. कोण चुकलं ते विचारू नका, खाली वाकून कुणाला ओरडू नका, बिस्किट देऊ नका, टीव्ही तर नाहीच. आणि दार लावून घेऊ नका. खालचा आवाज जिन्यातून वर येत राहतो: कुणीतरी आऊट झालं, कुणीतरी ‘खोटं, खोटं’ म्हणून ओरडलं, राज्य दुसऱ्यावर आलं. बाबू पाणी पीत ते ऐकत असतो. पहिले काही दिवस तो सोफ्यावरच बसेल. मग एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात असताना दाराशी चपला घातल्याचा आवाज येईल. तेव्हा बाहेर येऊन काही बोलू नका, तो गेलेला असेल.